भांबुर्ड्याचा धूर

कासू,
१८ नोव्हेंबर

प्रिय रितेश,

तू पाठवलेला कागद सोमवारी मिळाला. मी तो दोनदा वाचला. माझ्या सहीच्या जागी तू पेन्सिलने फुली करून ठेवली आहेस. तिची गरज नव्हती, सही कुठे करायची ते मला कळतं. मी सही केलेली नाही. आपल्या शेताच्या वरच्या अंगाला, ओहोळाजवळ आदिवासी वाडीवर राणीच्या माणसांची जी पाच घरं आहेत, ती होळीच्या आत उठवायची आणि तिथून कुंपण घालायचं, असं तुझं म्हणणं. बाबांनंतर जमीन आपल्या दोघांच्या नावावर आली, म्हणून तुला माझी सही लागते. ती मिळणार नाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतोस, आणि मी एकदा थांबले की मला पुन्हा सुरुवात करता येणार नाही.

इकडे भात कापून, झोडून झालं. शेजारच्या पुंडलिकनेच माणसं आणली, यंदा रोह्याकडची होती. शेतात ओल चांगली आहे, तो म्हणतो वाल येत्या आठवड्यात टाकू. माझ्या खालच्या दाढेला टोपी बसवली. मागच्या नळाचा वायसर बदलला. दर रविवारी तू विचारतोस तशी मी बरी आहे. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. रडू येत नाही. एप्रिलपासून आलेलं नाही. शकूआत्या रोह्याहून पंधरा दिवसांनी येते आणि दूध उतू जाईल की काय अशा नजरेने माझ्याकडे बघत बसते. परवा म्हणाली, "वैनी, एकदा मोकळी हो गो." मी तिला वाटाणे सोलायला दिले. ती वाईट नाही. तिचा भाऊ गेला आहे, तिला कोणाबरोबर तरी रडायचं असतं, आणि या घरात सोबतीला माणूस मिळत नाही.

तू आता तिकडे दहेजला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतोस, आणि लहानपणीही अभ्यास सोडून शेतात फारसा आला नाहीस. म्हणून भांबुर्ड्याचं तुला नीट ठाऊक नसेल. बाराव्याच्या दिवशी अंगणात तू त्याला 'ते विषारी गवत' म्हणालास, तेव्हाच मला हे कळलं. तो गवत नव्हे. भात कापलं की उरलेल्या ओलीवर, वालाच्या मधून, बांधाच्या कडेने तो आपोआप उगवतो. हातभर उंची, पानांवर चिकट लव, वर पिवळट बोंडं. चुरगाळला तर कापूर आणि बोकड एकत्र ठेवल्यासारखा वास येतो आणि दोन दिवस हाताचा जात नाही. या वासाने धान्यातला भुंगा पळतो, अशी इकडची समजूत आहे. वालाला भुंगा फार. दाण्याला टाचणीएवढं भोक दिसलं की आतून तो दाणा पोकळ झालेला असतो, आणि पोकळ दाणा पेरून काही उगवत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा अलिबागच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली होते, पेणला शाळेत लागलेली होते. पहिल्याच चैत्रात वाडीवरची एक बाई डोक्यावर वाळक्या पाल्याचा भारा घेऊन अंगणात येऊन बसली. ती सगुणा, राणीची सासू. तुझ्या आजीचा नियम असा होता की भांबुर्डा घरच्या माणसाने उपटायचा नाही. वाडीवरच्या बाईनेच तो फुलायच्या आत उपटायचा, सावलीत वाळवायचा, चैत्रात घेऊन यायचा. बियाण्याच्या वालावर थर तिनेच घालायचा, मूठभर पाल्याची खोलीत धुरी द्यायची, आणि जाताना सूपभर वाल घेऊन जायचे. घरच्याने आणलेला पाला लागू पडत नाही. मी विचारलं, का? आजी म्हणाली, "इचारल्यानं पन लागू पडत नाय गो." तुझे बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी म्हटलं, रसायनाला जात कळत नाही, कोणी उपटलं ते पाल्याला कसं कळणार? बाबा म्हणाले, "पाल्याला नाय कळत. वाडीला कळतं. वर्षातनं एकदा तरी आपल्याला त्यांची गरज हाय, येवढं त्यांना कळलं तर काय बिघडलं?" हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही. पुढे बत्तीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं. दर चैत्रात आधी सगुणा, मग राणी येत राहिली, आणि मी त्या दिवशी शाळेतून मुद्दाम उशिरा घरी येत असे.

निवृत्त झाल्यावर ते टाळता येईना. मागच्या वर्षी पेरणीच्या वेळी कणगी उघडली तर तिसरा हिस्सा वाल भोकं पडलेला. मी दाणे ताटात ओतून बाबांसमोर ठेवले. ते म्हणाले, "त्यांचा पन वाटा हाय." मी म्हटलं, हे शेतकऱ्याचं बोलणं नाही, कीर्तनकाराचं आहे. "मास्तरीणबाई, तुमचं पुस्तक भुंग्यानं वाचलंय का एकदा तरी?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी पाला चालणार नाही. ते काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की त्यांनी आपलंच खरं करायचं ठरवलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीही पुढे बोलले नाही. आमचं लग्न असंच चाललं, वाईट चाललं असं नाही.

एप्रिलमध्ये शकूआत्याच्या नातवाचं बारसं होतं. बाबा आदल्या दिवशीच रोह्याला गेले. मी दाढ दुखते म्हणून राहिले. दाढ दुखत होती, पण बारशाला जाता येणार नाही इतकी नव्हती. बारशाच्या दिवशी मी पेणला रामवाडीला उतरून बाजारात गेले आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या आणल्या. दुकान प्रविणचं. माझा विद्यार्थी, त्याचं गणित चांगलं होतं. तो द्यायला तयार नव्हता. म्हणाला, "बाई, राहत्या घरात नका ठेवू. माणसं झोपतात तिथं तर अजिबात नको." मी म्हटलं, "प्रविण, तुला विज्ञान कोणी शिकवलं?" तो ओशाळला आणि डबी पुढे केली. त्याचा यात दोष नाही. माझ्यासमोर नाही म्हणायची मुलांना सवयच नव्हती. घरी येऊन मी गोळ्या कणगीत वालाखाली घातल्या, वरून ताडपत्री बांधली, खिडकी लावली. हात धुतले. उरलेली डबी माझ्या कपाटात ठेवली. सगळं पद्धतशीर केलं.

कणगीच्या खोलीत बाबा रोज दुपारी झोपायचे. चैत्र-वैशाखात घरात तेवढीच एक थंड जागा, तुला आठवत असेल. मला तर ते रोजच समोर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच परत आले. मी पेणला दाताच्या डॉक्टरांकडे निघाले होते. दारातून सांगितलं, आज पुढच्या खोलीत पंख्याखाली झोपा, आत मी साफसफाई केली आहे. बाबा म्हणाले, "बरं." गोळ्या ठेवल्यात हे मी बोलले नाही. बोलले असते तर वाद झाला असता आणि माझी गाडी चुकली असती, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं एवढंच की मला जिंकायचं होतं, आणि नोव्हेंबरमध्ये कणगी उघडून स्वच्छ दाणे त्यांच्यापुढे ठेवेपर्यंत ते त्यांना कळायला नको होतं. वर्गात मी नाव न लिहिलेली बाटली ठेवणाऱ्या मुलाला दिवसभर उभं करत असे.

मी गेल्यावर त्यांनी पुंडलिककरवी राणीला बोलावणं धाडलं. तिने पाला वाळवून ठेवलेलाच होता. ती आली, दोघांनी ताडपत्री सोडली, वालावर पाल्याचा थर घातला, ताडपत्री पुन्हा बांधली. राणीने मडक्यात धुरी करून खोलीभर फिरवली आणि सूपभर वाल घेऊन ती गेली. दुपारी वीज गेली. पंखा बंद पडल्यावर ते आतल्या खोलीत जाऊन झोपले. खिडकी मी लावली होती तशीच होती.

साडेतीनला मी आले तेव्हा ते ओट्यावर बसलेले होते. समोर उलटी. घामाने सदरा भिजलेला, आणि एकसारखं पाणी मागत होते. पुंडलिकने गाडी काढली. पेणला हॉस्पिटलमध्ये पोहोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते. सहाला दहा मिनिटं असताना गेले. तू रात्रभर प्रवास करून पहाटे आलास. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं होतं. त्याच कागदावर वर, घरच्यांनी दिलेल्या माहितीत, 'सकाळी घरात झाडपाल्याचा धूर केला होता' अशी एक ओळ होती. तू ती ओळ वाचलीस आणि तिच्यावर बोट ठेवून मला विचारलंस, "कोणी केला होता धूर?" मी म्हटलं, राणीने.

बाराव्याला राणी आली होती. आत आली नाही, कुंपणापाशी बसली होती, सोबत तिचा नवरा धोंडी. पुढचं तुला माहीत आहे, बोलणारा तूच होतास. तू तिला म्हणालास, "तू माझा बाप मारलास." पन्नास माणसं जेवत होती. तू म्हणालास की या वाडीतलं कोणी पुन्हा या गावात कामाला दिसलं तर बघून घेईन. धोंडीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तू त्याला ढकललंस. मी भात वाढत होते. मी वाढत राहिले. पुढे भाताच्या आवणीला त्या पाच घरांतल्या कोणालाही गावाने बोलावलं नाही. गणपतीत कोणी त्यांच्याकडून रानातली कंटोळी, अळंबी घेतली नाहीत. लोक म्हणायचे, त्यांच्या हातचं नको. दसरा झाल्यावर राणी आणि धोंडी पोरांना घेऊन खालापूरकडच्या वीटभट्टीवर गेले. त्यांची मोठी मुलगी सातवीत होती, चांगली हुशार. तिचं नाव शाळेत अजून आहे, ती नाही.

तुझा कागद आला त्या दिवशी दुपारी मी वाडीवर गेले. गेल्या कित्येक वर्षांत गेले नव्हते. मतदार यादीच्या कामाला जायचे तेवढंच. सगुणा एकटीच होती. आता तिला नीट दिसत नाही, पण आवाज ओळखला. म्हणाली, "बाई, तुमी? घर उठवायला आल्याव का?" मी म्हटलं, नाही. तिने चाचपडत तांब्या दिला. मग आपणहूनच बोलत राहिली. "राणी त्या दिसाला घरी आली नि वकली. दोनदा. म्हनली, आये, दादांच्या खोलीत लसनाचा वास येतो गो, डोकं फुटतंय. दादांना इचारलं तर म्हनले, तुज्या बाईनं लोनचं घातलं असंल. आमी म्हनलो, बाई कदी लोनचं घालतात?" आणि ती थोडं हसली. मीही हसायला हवं होतं. त्या गोळ्यांना लसणासारखाच वास असतो, रितेश. तुला हे माहीत असणार, तू केमिकलच्याच कंपनीत आहेस.

मी विचारलं, हे राणीने तेव्हा कोणाला सांगितलं का नाही? सगुणा म्हणाली, "कोन इचारतो तिला?" मग तिने मला विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. पाल्यानं मानूस मरतो का? आमी तर जल्मभर त्याच्यात निजलो. पोरं व्हायची तवा खाली भांबुर्डाच आंथरायचा, पिसवा नको म्हनून. येक पोर नाय मेलं त्यानं. पन राणी म्हनते, माज्याच हातानं झालं. म्हनते, येकादी काडी दुसरी आली असंल पाल्यात, माजी नजर चुकली असंल. आता ती पाल्याला हात लावत नाय. भट्टीवर विटा थापते नि हात धुवत राहते म्हनं. धोंडी सांगत व्हता." एवढं बोलून ती माझ्या उत्तराची वाट बघत राहिली. डोळ्यांत पडदा आलेला, तरी बरोबर माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तांब्यातलं पाणी संपवलं आणि उठून आले. सात महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं असेल तर त्या उतारावर वाटलं, आणि ते दुःख नव्हतं.

भांबुर्ड्याने भुंगा पळतो, हे मला आजही मान्य नाही. मागच्या वर्षीचे दाणे मी मोजून पाहिले होते. पण भांबुर्ड्याने माणूस मेला नाही, हे मला त्या दिवशी साडेतीन वाजल्यापासून माहीत आहे. ओट्यावर बाबांना बघितलं आणि त्याच क्षणी कळलं. मला कळायला डॉक्टर लागला नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. हॉस्पिटलमध्ये बाबांना आत घेतल्यावर एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि त्याने मला स्पष्ट विचारलं, "घरात काही औषध मारलं होतं का? धान्यात गोळ्या वगैरे ठेवल्यात का?" दार उघडं होतं, बाबा पलंगावरून माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हटलं. वर्गात म्हणायचे त्याच आवाजात म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, "मी विज्ञानाची शिक्षिका आहे. वाडीवरच्या बाईने कसल्याशा पाल्याचा धूर केला होता, तेवढाच." तुझ्या बोटाखालची ती ओळ मीच सांगितलेली आहे. त्या विषावर उतारा नसतो असं मी नंतर वाचलं, पण ते मला हवं होतं म्हणून शोधून वाचलं. मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मला कधीच कळणार नाही. बाबांनी माझं उत्तर ऐकलं का, तेही कळणार नाही. उद्या सकाळी पुंडलिकची गाडी सांगितली आहे. आधी खालापूरला भट्टीवर जाऊन राणीला हे सांगेन, तिथल्या सगळ्यांसमोर. बाराव्यालाही सगळ्यांसमोरच झालं होतं. तिथून पेणच्या पोलीस ठाण्यात जाईन, डबी सोबत घेऊन. तू सुट्टी टाकून येऊ नकोस, वकील बघू नकोस, आणि आईचं डोकं ठिकाणावर नाही असं कोणाला सांगू नकोस, ते ठिकाणावर आहे. तुला करायचं असेल तर एकच कर. राणीच्या नावाने तू जे जे बोललास, ते तितक्याच मोठ्याने, तितक्याच माणसांत, माझ्या नावाने बोल.

तुझीच,
आई